पीटीच्या सरांचा खांदा

आमच्या शाळेत मुलांना कुणीही मारत नाही. आमचे तेवीस फॉर्म तसं सांगतात. वरच्या कार्यालयातून एक प्रश्नावली आली होती, 'माध्यमिक शाळांतील शारीरिक शिक्षेबाबत शिक्षकांचे मत'. बारा प्रश्न आणि प्रत्येकापुढे पाच चौकोन. शिक्षकांच्या खोलीत चहा पिता पिता आम्ही ती भरली, आणि इतकी एकमतानं भरली की मोठ्या बाईच वैतागल्या. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका.

"अहो, दोघातिघांनी तरी कुठेतरी 'सांगता येत नाही' करा ना. कॉपी केल्यासारखं दिसतंय!"

मग विज्ञानाच्या सरांनी शाळेसाठी त्याग म्हणून एका ठिकाणी 'सांगता येत नाही' केलं. शेवटचा प्रश्न होता, 'आपण स्वतः विद्यार्थ्याला कधी मारले आहे काय?' तिथे मात्र सगळ्यांचं ठाम 'कधीही नाही'.

आणि गंमत म्हणजे तेविसांपैकी बावीस जणांचं हे खरं होतं. मी या शाळेत एकोणीस वर्षं भाषा शिकवतोय, एकाही पोराला माझं बोट लागलेलं नाही. गणिताच्या बाईंचं नाही, विज्ञानाच्या सरांचं नाही. आम्ही सुशिक्षित माणसं. आम्ही फक्त चिठ्ठी लिहायचो.

चिठ्ठी घेऊन पोरानं मैदानाकडच्या खोलीत जायचं. तिथे पीटीचे सर बसायचे. खोली खेळाच्या सामानाची, पण पोरं तिला पोस्ट ऑफिस म्हणायची. सर चष्मा लावून चिठ्ठी वाचायचे, "किती? दोन? बरं," म्हणायचे, वेताची छडी काढायचे, दोन द्यायचे आणि चिठ्ठी बुटांच्या खोक्यात टाकायचे. पोरगं हात चोळत वर्गात परत. आमचा तास कुठेही न अडखळता चालू. सापही मरायचा आणि काठीही दुसऱ्याची असायची.

चिठ्ठी लिहायची प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. विज्ञानाचे सर डॉक्टरसारखं '१-०-१' लिहायचे, म्हणजे सकाळी एक, मधल्या सुट्टीला काही नाही, संध्याकाळी एक. गणिताच्या बाई '२ × २ हात' लिहून खाली दोन रेघा ओढायच्या. इतिहासाचे सर कारणं, घटनाक्रम आणि परिणाम असं सविस्तर लिहायचे; त्यांची चिठ्ठी वाचून होईपर्यंत शाळा सुटायची, त्यामुळे पोरं गुन्हे शक्यतो इतिहासाच्या तासाला करायची. मी मात्र सभ्य माणूस. आकडेबिकडे मला जमत नाहीत. मी लिहायचो, 'कृपया योग्य ती समज द्यावी, ही नम्र विनंती.'

पीटीचे सर स्वतः म्हणाल तर गरीब गाय. अंगानं दांडगे, आवाजानं मऊ. चिठ्ठीशिवाय त्यांनी कुणाला हात लावला नाही. एकदा एका पोरानं त्यांच्या समोर, त्यांच्याच खिडकीची काच फोडली. सर त्याला घेऊन तासभर शाळाभर फिरले, कुणीतरी चिठ्ठी लिहून द्या म्हणून. कुणाला वेळ नव्हता. शेवटी पोराला म्हणाले, "जा बाबा, उद्या बघू."

तर प्रश्नावली रवाना झाली, उत्तर आलं की आमच्या शाळेला 'भयमुक्त शाळा' अशी पितळी पाटी मिळणार, आणि त्याच आठवड्यात विज्ञानाच्या सरांनी प्रयोगशाळेतून एकदम अकरा पोरं पाठवली. प्रयोगशाळेत सडक्या अंड्यांचा वास सुटला होता. वास सरांच्याच प्रयोगाचा होता, पण अकरा जणांनी नाकं दाबली, हा त्यांचा अपमान झाला.

सहा पोरं झाली. सातव्यानं हात पुढे केला, डोळे मिटले आणि वाट बघत उभा राहिला. काही येईना. जरा वेळानं त्यानं एक डोळा उघडून पाहिलं, तर सरांचा हात वरच. छडीसकट. सर घामाघूम.

"सर?"

"थांब रे. खाली येत नाहीये."

पोरांनी छडी काढून घेतली, एकानं पाणी दिलं, दोघांनी हात ओढून बघितला. हात हलेना. शेवटी सर तसेच निघाले, उजवा हात आभाळाकडे करून, मैदानातून, जिन्यावरून, थेट आमच्या बैठकीत. मोठ्या बाई पाटी कुठे लावायची यावर बोलत होत्या. चोवीस वर्षांत पीटीच्या सरांनी बैठकीत कधी तोंड उघडलेलं नव्हतं. बाईंना कौतुक वाटलं.

"बोला सर, बोला! तुमचा काय मुद्दा?"

"मुद्दा नाही बाई. खांदा आहे."

दवाखान्यात इंजेक्शन दिल्यावर हात खाली आला, पण मग वर जाईना. डॉक्टर म्हणाले, "वाटी झिजलीय. एकच हालचाल वर्षानुवर्षं केली की होतं. हात डोक्याच्या वर आणि जोरात खाली. काय करता तुम्ही? लोहार आहात?"

"शिक्षक आहे," सर म्हणाले.

डॉक्टरांनी तसं लिहिलं आणि पुढे एक प्रश्नचिन्ह काढलं.

आता खरी पंचाईत हेडक्लार्कनं सांगितली. हेडक्लार्कला नियम पाठ, आणि वाईट नियम सांगताना त्याचा चेहरा उजळतो. "पीटीच्या शिक्षकाचा हात वर जात नाही म्हणजे तो पीटीला अपात्र. वैद्यकीय मंडळ बघणार आणि घरी पाठवणार. चार वर्षं राहिली होती ना निवृत्तीला? अरेरे."

"काहीच मार्ग नाही?" मी विचारलं.

"आहे. इजा शाळेच्या कामामुळे झाली असं ठरलं तर घरी पाठवता येत नाही. हलकं काम द्यावं लागतं. ग्रंथालय वगैरे. पण अर्जात लिहावं लागेल, इजा नेमक्या कोणत्या कामानं झाली. आणि ते काम शाळेनं सांगितलं होतं, असा बाईंचा दाखला."

कोणतं काम ते सगळ्यांना ठाऊक होतं. पीटीच्या सरांनी भाबडेपणानं माझ्याकडे बघितलं. "तुम्ही लिहून द्याल ना सर अर्ज? तुमची भाषा चांगली."

मोठ्या बाईंनी दार लावून घेतलं. "हे बघा, सरांची नोकरी वाचलीच पाहिजे. त्याबद्दल दुमत नाही. पण पंधरा दिवसांवर पाटी आलीय. तेव्हा आपण शांतपणे विचार करू. सरांच्या कामात असं काय काय येतं की ज्यात हात वर जातो आणि जोरात खाली येतो? हजारो वेळा?"

एवढं डोकं आम्ही अभ्यासक्रमासाठी कधी चालवलं नसेल.

"व्हॉलीबॉल," इतिहासाचे सर म्हणाले.

"सामानाच्या यादीत दोन बॉल आहेत, दोन्ही हवेविना. नऊ वर्षं," हेडक्लार्क म्हणाला.

"डास मारणं?" विज्ञानाचे सर.

"त्यानं खांदा जातो?"

"डासांवर अवलंबून आहे."

"घंटा!" गणिताच्या बाई उसळल्या. "सर रोज घंटा वाजवायचे असं लिहू."

दारात चहाचे कप गोळा करायला आलेले शिपाईमामा थबकले. "घंटा मी वाजवतो बाई. एकतीस वर्षं. माझा खांदा बघा," आणि त्यांनी पंख्याला हात लावून दाखवला. "माझी घंटा नका देऊ कुणाला."

शेवटी गाद्या ठरल्या. व्यायामशाळेत कोलांट्या मारायच्या गाद्या होत्या. सर रोज सकाळी त्या गाद्या झोडपून धूळ काढायचे, असं ठरलं. मोठ्या बाईंनी दाखला लिहिला, 'सदर काम शाळेच्या आदेशाने करण्यात येत होते.' अर्ज मी लिहिला. 'विद्यार्थ्यांच्या आरोग्याची काळजी वाहताना' अशी सुरुवात केली. इतकी सुंदर उतरली की गणिताच्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

पीटीच्या सरांनी अर्ज वाचला, तेव्हा ते ओशाळले. "पण सर, मी गाद्या झोडपलेल्या नाहीत."

"पोरं झोडपली हे लिहायचंय का?" मोठ्या बाई म्हणाल्या.

"ती मी कुठे... ती तुमची होती ना," सर पुटपुटले, आणि डाव्या हातानं सही केली. उजव्यात पेन धरवत नव्हतं.

मंडळाच्या डॉक्टरीणबाई ठरल्या दिवशी आल्या. बुटक्या, हातात चामड्याची बॅग, बोलणं मोजकं. आम्हाला वाटलं होतं, ऑफिसात बसून खांदा चाचपतील, चहा घेतील आणि जातील. त्यांनी अर्ज वाचला आणि म्हणाल्या, "गाद्या दाखवा."

व्यायामशाळेत आम्ही स्वागतगीतासाठी आठवीचा वर्ग भिंतीशी रांगेत उभा केला होता. चाळीस पोरं-पोरी. गीत झालं. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली आणि कोपऱ्यातल्या गाद्यांकडे बोट केलं.

गाद्यांची गुंडाळी कधी उलगडली होती ते कुणालाच आठवत नव्हतं. शिपाईमामांनी दोरी कापली. आधी एक उंदीर बाहेर आला. मग त्याचं कुटुंब. इतिहासाचे सर बाकावर चढले. मग मामांनी गादीला एक लाथ घातली आणि त्यातून जे निघालं त्याला धूळ म्हणणं म्हणजे समुद्राला डबकं म्हणणं. दोन मिनिटं कुणाला कुणी दिसेना. नुसत्या खोकल्यांवरून हजेरी कळत होती.

धूळ जरा बसली तेव्हा डॉक्टरीणबाई रुमालाआडून म्हणाल्या, "रोज झोडपत होतात?"

"नियमित," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या.

"मी सरांना विचारलं. सर, कसं झोडपत होतात ते दाखवा. उजवा राहू द्या, डाव्या हातानं दाखवा. नेमकी हालचाल बघायचीय मला."

सर गादीपुढे उभे राहिले. आमच्याकडे पाहिलं, खाली पाहिलं. मामांनी हातात दंडुका दिला. सरांनी डावा हात सावकाश वर उचलला.

आणि भिंतीशी उभ्या असलेल्या आठवीनं, चाळीसच्या चाळीस जणांनी, हात पुढे केले. तळवे वर. कुणी सांगितलं नव्हतं. कुणी एकमेकांकडे बघितलंही नाही. सरांचा हात वर गेला आणि चाळीस हात बाहेर आले, बस.

ते हात तसेच राहिले. धुळीत. काही पोरांनी डोळेसुद्धा मिटले होते. माझ्या अगदी समोर एक छोटीशी मुलगी होती, वेणीला निळी रिबीन. तिनं डावा हात पुढे केला होता. डॉक्टरीणबाई तिच्याजवळ गेल्या.

"डावा का ग, बाळा?"

"उजव्यानं पेपर लिहायचा असतो ना," ती म्हणाली. डॉक्टरीणबाईंना एवढंही कसं कळत नाही, अशा आवाजात.

मोठ्या बाई पुढे सरसावल्या. "मुलं ना, फार गोड आहेत. स्वच्छतेची पाहणी असते आमची. हात धुतलेत का बघतो आम्ही. रोज."

"हो का?" डॉक्टरीणबाईंनी सरांकडे पाहिलं. सरांचा डावा हात अजून वरच होता. त्यांना रडू येत होतं आणि ते धुळीवर ढकलता येत होतं. "हात खाली घ्या सर. मला कळली हालचाल."

जाण्यापूर्वी त्या सरांशी एकांतात बोलल्या. काय बोलल्या ते सरांनीच नंतर सांगितलं. "मला पोलीस व्हायचं नाही. मला एवढंच ठरवायचंय की खांदा कामानं गेला का. गेलाय, हे मी बघितलं. पण तुम्ही आपल्या मनानं मारत होता की कुणी सांगत होतं, ते कागदावर पाहिजे. सांगणाऱ्यांपैकी एकानं लिहून द्यावं. एकानं पुरे. सोमवारपर्यंत. नाहीतर मला 'अपात्र' लिहावं लागेल."

एकानं पुरे! आणि आम्ही बावीस जण होतो.

शुक्रवारी दिवसभर शिक्षकांच्या खोलीत खांद्याचा विषय कुणी काढला नाही. सगळे हवेबद्दल बोलत होते. विज्ञानाच्या सरांना एकाएकी वह्या तपासायची आवड निर्माण झाली. मी गणिताच्या बाईंना विचारलं, "लिहून देता का दोन ओळी?"

"मी?" बाईंनी छातीवर हात ठेवला. "मी तत्त्वतः शिक्षेच्या विरुद्ध आहे हो. फॉर्ममध्ये स्पष्ट लिहिलंय. आता उलट कसं लिहू? माणसानं मतावर ठाम राहावं."

"तुम्ही लिहा ना," विज्ञानाचे सर मला म्हणाले. "तुम्ही तर कधी आकडासुद्धा लिहिला नाहीत. तुम्ही सगळ्यात निर्मळ."

हे मला पटलं. खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं. माझ्या चिठ्ठ्यांत काही सापडण्यासारखं नव्हतंच. 'योग्य ती समज.' समज म्हणजे समज. समजावून सांगणं. तरी त्या चिठ्ठ्या कुणाच्या हाती लागण्यापेक्षा परत आणलेल्या बऱ्या, असं ठरवून शनिवारी दुपारी मी डझनभर केळी घेऊन सरांच्या घरी गेलो.

दार वहिनींनी उघडलं. वहिनी शिवणकाम करतात. तोंडात टाचण्या आणि गळ्यात टेप. टाचण्या काढून म्हणाल्या, "या. तुम्ही सातवे."

"सातवा?"

"सकाळपासून. सगळे केळी घेऊन येतात. आमच्याकडे माणसं दोन, केळी सहा डझन झाली. आणि सगळ्यांना चौकशी कसली, तर तब्येतीची नाही, खोक्याची! अहो, ऐकलंत का? आणखी एक आलेत आपली चिठ्ठी मागायला."

सर आतल्या खोलीत बसले होते, हात झोळीत. समोर जमिनीवर बुटांची खोकी. अकरा. चोवीस वर्षांची. त्यांनी चिठ्ठ्या शिक्षकवार लावून दोऱ्यानं बांधल्या होत्या. आयुष्यात कुणी माझं लिखाण इतकं जपून ठेवलं नसेल.

"तुमचा गठ्ठा हा," सर म्हणाले.

गठ्ठा विटेएवढा होता. गणिताच्या बाईंचा त्याच्या निम्मा.

"एवढा?" मी म्हटलं. "आणि निम्म्यांना तुम्ही नुसतं समजावलं असेल ना?"

सर गोंधळले. "म्हणजे?"

"म्हणजे, मी समज लिहायचो. आकडा नाही."

"तीच तर अडचण होती हो सर." ते अगदी मनापासून सांगत होते, तक्रारीचा सूरही नव्हता. "बाकीचे दोन लिहायचे, तीन लिहायचे. दिले की सुटलो. तुमचं 'योग्य ती'. आता योग्य किती, मला काय माहीत? एवढे शिकलेले सर नम्र विनंती करतायत म्हणजे पोरानं भलतंच केलं असणार. कमी पडायला नको म्हणून मी चार द्यायचो."

वहिनींची मशीन बाहेरच्या खोलीत थांबली.

"चार?" मी म्हटलं.

"सगळ्यांना. एकोणीस वर्षं. पोरं सांगायची ना मला, सर, भाषेच्या तासाला नको, भाषेचे सर चारचे आहेत." मग माझा चेहरा बघून घाईनं म्हणाले, "चुकलं का माझं? जास्त होत होते का?"

मला केळी ठेवायला जागा सापडेना. आठवायचा प्रयत्न केला तर एकही मोठा गुन्हा आठवेना. वही विसरली. खिडकीतून बघत होता. जांभई दिली. कविता चालू असताना हसली. त्या निळ्या रिबिनीवालीला मी कधी पाठवलं होतं का, हे मला आठवत नव्हतं, आणि गठ्ठ्यात बघायचं धाडस नव्हतं.

वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. "गठ्ठा हवाय ना? घेऊन जा. यांनी सगळ्यांना देऊन टाकलेत, एकालाही नाही म्हटलं नाही. मी असते तर वजनावर विकले असते. सकाळपासून सहा जण आपापलं पाप पिशवीत घालून घेऊन गेले, आणि जाताना यांना सांगितलं, काळजी घ्या."

"अगं," सर म्हणाले.

"अगं काय? चोवीस वर्षं या मास्तरांच्या पोरांना त्यांच्या वतीनं बडवलंत, तुम्हाला काय मिळालं? पोरं कुणाला घाबरायची? तुम्हाला. रस्त्यात तुम्ही दिसलात की पोरं पलीकडे जायची. आणि या सरांना वाढदिवसाला फुलं द्यायची!"

हे खरं होतं. दर वर्षी द्यायची. मी ती टेबलावर ग्लासात ठेवायचो आणि इतरांना दिसतील अशी ठेवायचो.

मी कागद मागितला. वहिनींनी शिवणाच्या मापाच्या वहीतला एक फाडून दिला. पाठीमागे कुणाच्या तरी बाह्यांचं माप होतं. मी सुरुवात केली, 'विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण विकासाचा विचार करता' आणि वहिनी खांद्यावरून वाचत होत्या, त्यांनी फक्त 'हं' केलं. मी ते खोडलं. मग एकच वाक्य लिहिलं. 'मी एकोणीस वर्षे मुलांना मार देण्यासाठी पीटीच्या सरांकडे चिठ्ठी देऊन पाठवत होतो, त्यांनी माझ्या सांगण्यावरून मारले.' खाली सही. भाषेला कुठे अलंकार नव्हता. इतकं वाईट वाक्य मी कधी लिहिलेलं नाही.

"गठ्ठा?" सरांनी विचारलं.

"कागदाला जोडा," मी म्हटलं आणि जिन्यात आल्यावर म्हटल्याचा पश्चात्ताप केला.

पण कागद गेला आणि काम झालं. सरांची नोकरी वाचली. ग्रंथालय मिळालं. पुस्तकं डाव्या हातानं देतात, उजवा झोळीत. पहिला आठवडा एकही पोर तिकडे फिरकलं नाही, मग एक आलं, त्यानं दारातूनच विचारलं, "सर, पुस्तकाला चिठ्ठी लागते का?"

आणि मला काय झालं? काहीही नाही! घरी जायची माझी तयारी होती. मी बॅगेत कपबशी भरून ठेवली होती. पण मंडळाचं कार्यालय वेगळं आणि प्रश्नावलीचं कार्यालय वेगळं, आणि एकाचा कागद दुसरा वाचत नाही. एका कार्यालयाच्या मते आमच्या शाळेत कधीच कुणी कुणाला मारलेलं नाही. दुसऱ्याच्या मते मारून मारून खांदा गेलाय. दोन्ही कागदांवर शिक्का आमचाच. पितळी पाटी आली, हार घालून लागली, मोठ्या बाईंनी भाषण केलं.

घोटाळा झाला तो मंडळाच्या आदेशातल्या शेवटच्या कलमामुळे. ते कलम छापीलच असतं, सगळ्या आदेशांत. हेडक्लार्कनं ते उजळलेल्या चेहऱ्यानं वाचून दाखवलं. "'सदर कर्मचारी ज्या कामामुळे जखमी झाला ते काम यापुढे त्यास देऊ नये. ते काम अन्य कर्मचाऱ्यांमध्ये समान वाटून द्यावे.'"

"कोणतं काम?" गणिताच्या बाईंनी विचारलं.

"ते काम."

"म्हणजे... आम्ही?" इतिहासाच्या सरांचा आवाज चिरकला. "आमच्या हातानं?"

"समान वाटून," हेडक्लार्क म्हणाला. "आठवड्याला प्रत्येकी दोन तास येतात. तक्ता केलाय मी. पोच म्हणून सही करा."

"पण हे अमानुष आहे!" विज्ञानाचे सर उभे राहिले. "पोरं आपल्याकडे बघतील हो! तोंडाकडे! रोज वर्गात त्यांच्यासमोर उभं राहायचं असतं आपल्याला!"

"हे काम रद्दच करा ना," मी म्हटलं. सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी पगार रद्द करा म्हणालो.

"तसं कसं?" गणिताच्या बाई म्हणाल्या. "शिस्त नको का? शिस्त पाहिजेच. फक्त आम्ही का?"

"शिवाय रद्द करायचं तर आधी ते होतं असं मान्य करावं लागेल," मोठ्या बाई म्हणाल्या. "दारावर पाटी आहे."

त्यातून सुटायचा रस्ता हेडक्लार्कनंच सांगितला. वैद्यकीय कारण असेल तर वाटपातून सूट मिळते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याच्या टेबलावर बावीस अर्ज पडले. बावीसही जणांचा खांदा दुखत होता. गणिताच्या बाईंचा दोन्ही, विज्ञानाच्या सरांचा आलटून पालटून, १-०-१. मीही एक दिला होता. सगळे देतात, आपण न देणं बरं दिसत नाही.

पुढच्या बुधवारी डॉक्टरीणबाई बॅग घेऊन परत आल्या. आम्ही बावीस जण शिक्षकांच्या खोलीत बसलो होतो, कुणी खांद्याला शाल गुंडाळून, कुणी मान तिरपी करून. इतिहासाचे सर तर कण्हत होते. बाईंनी अर्जांचा गठ्ठा चाळला, आमच्यावर एक नजर टाकली, आणि साध्या आवाजात म्हणाल्या, "फार वेळ नाही माझ्याकडे. ज्यांचा ज्यांचा खांदा दुखतोय त्यांनी हात वर करा."

हात वर गेले. सरळ, टणक, कानाला चिकटून, वर्गातली हुशार पोरं करतात तसे. इतिहासाच्या सरांचा तर सगळ्यांत उंच, टाचा उचलून.

डॉक्टरीणबाईंनी सावकाश मोजले. मग माझ्यापाशी येऊन थांबल्या आणि म्हणाल्या, "तुमचा काय समजू?"

माझा हात कोपरात वाकून अर्ध्यावरच गेला होता. तिथेच मी तो धरून ठेवला होता, आणि वर न्यावा की खाली, ते मला ठरवता येत नव्हतं.